विश्लेषण : संगणकातील ‘हेल्प’ इंटरनेटशी का जोडली जात नाही? दोष नेमका कुठे शोधावा?

संगणक अडला की ‘एफ-वन’ दाबावे, हे संगणक वर्गातील जुने सूत्र. आता मात्र ही कळ दाबल्यावर अनेकदा उत्तराऐवजी ‘तुम्ही ऑफलाइन आहात’ अशी पाटी दिसते. इंटरनेट बंद पडले म्हणून मदत मागावी, तर मदतीसाठी आधी इंटरनेट सुरू करा, असे उत्तर येते. त्याहून चक्रावणारी बाब म्हणजे काही वेळा ब्राउझरमध्ये संकेतस्थळे व्यवस्थित उघडतात, पण संगणकातील ‘हेल्प’ मात्र इंटरनेट नसल्याचे सांगते. हा दोष संगणकात असतो, जोडणीत असतो की पलीकडच्या सर्व्हरमध्ये? तो कसा ओळखावा आणि या गोंधळाचा फायदा कोण घेते?

संगणकातील मदत बाहेर कधी गेली?

‘एफ-वन’ म्हणजे मदत हा संकेत आयबीएमने १९८७ मध्ये ‘कॉमन यूजर ॲक्सेस’ या नियमावलीतून पक्का केला. विंडोजनेही तो स्वीकारला. १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० मध्ये मदतीचा मजकूर ‘विनहेल्प’च्या फाइलमध्ये असे आणि ती फाइल संगणकातच राहत असे. १९९७ मध्ये तिची जागा ‘एचटीएमएल हेल्प’ने म्हणजे ‘सीएचएम’ फाइलने घेतली. तीही संगणकातच होती. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून मात्र मदतीच्या खिडकीतून इंटरनेटवरही शोध घेता येऊ लागला. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये त्या खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘ऑनलाइन हेल्प’ आणि ‘ऑफलाइन हेल्प’ असे दोन पर्याय होते. जोडणी नसली तरी संगणकातील मजकूर हाताशी असे.

२०१५ मध्ये विंडोज १० आले आणि हे चित्र पालटले. डेस्कटॉपवर ‘एफ-वन’ दाबले की ब्राउझर उघडून थेट शोधयंत्रातील निकाल दिसू लागले. ‘गेट हेल्प’ हे वेगळे ॲप आले, पण त्यातील बहुतांश उत्तरे कंपनीच्या सर्व्हरवरून येतात. ॲपलच्या मॅकमध्येही वापरपुस्तिकेचा मोठा भाग इंटरनेटवरून उतरतो. थोडक्यात, ‘हेल्प’ची खिडकी संगणकात राहिली आणि पुस्तक बाहेर गेले. तिच्या दुरुस्तीचा विचार येथूनच करावा लागतो.

ती बाहेर का नेण्यात आली?

यामागे केवळ कंपन्यांची सोय आहे, असे म्हणता येणार नाही. विंडोज १० पासून प्रणालीत वारंवार बदल होऊ लागले. एखादी सेटिंग आज एका जागी असते आणि पुढच्या अपडेटनंतर दुसऱ्या जागी जाते. संगणकात कायमचा भरून ठेवलेला मजकूर अशा वेळी दिशाभूल करतो. शिवाय अनेक भाषांतील पुस्तिका प्रत्येक संगणकात ठेवण्याऐवजी सर्व्हरवर एकच प्रत सुधारणे सोपे असते.

दुसरे कारण सुरक्षेचे आहे. मदतीची जुनी साधने ही हल्लेखोरांसाठी चोरवाट ठरली होती. एक्सपीमधील ‘हेल्प अँड सपोर्ट सेंटर’मध्ये २०१० मध्ये गंभीर त्रुटी उघड झाली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली. मे २०२२ च्या अखेरीस ‘फॉलिना’ नावाने गाजलेली त्रुटी तर दोष शोधणाऱ्या ‘एमएसडीटी’ या साधनातच होती. वर्डची एखादी फाइल उघडण्याच्या निमित्ताने या साधनामार्फत संगणकात परका आदेश चालवता येत होता. जून २०२२ मध्ये तिची दुरुस्ती आली. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने ‘एमएसडीटी’ आणि त्यावर चालणारे जुने ‘ट्रबलशूटर’ टप्प्याटप्प्याने बंद करून वापरकर्त्याला ‘गेट हेल्प’कडे वळवण्याची योजना जाहीर केली. २०२३ ते २०२५ असा तिचा कालावधी ठरवण्यात आला. एक धोका त्यामुळे कमी झाला, पण मदतीचे इंटरनेटवरील अवलंबन वाढले.

इंटरनेट सुरू असूनही ‘ऑफलाइन’ का दिसते?

इंटरनेट आहे की नाही हे विंडोज स्वतःच्या पद्धतीने ठरवते. या पद्धतीचे नाव ‘नेटवर्क कनेक्टिव्हिटी स्टेटस इंडिकेटर’. वाय-फाय किंवा केबल जोडली गेली की संगणक मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावर छोटी फाइल मागतो. तीत ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढे तीनच शब्द असतात. ते जसेच्या तसे मिळाले तर इंटरनेट आहे असे धरले जाते. उत्तर आले नाही किंवा वेगळेच आले, तर घड्याळाशेजारच्या चिन्हावर ‘नो इंटरनेट’ असे दिसते. अनेक ॲप स्वतः तपासणी न करता हाच निकाल खरा मानतात.

त्यामुळे या एका फाइलची वाट अडली, तर बाकी इंटरनेट सुरू असूनही काही ॲप ‘ऑफलाइन’ होतात. ही वाट अनेक ठिकाणी अडू शकते. रेल्वे स्थानक, हॉटेल किंवा महाविद्यालयाच्या वाय-फायवर आधी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागणारे पान येते. ते पूर्ण होईपर्यंत संगणकाला अपेक्षित तीन शब्दांऐवजी ते पानच मिळते. कार्यालयातील फायरवॉल तो पत्ता अडवू शकते. कंपनीकडे माहिती जाऊ नये म्हणून काही जण ‘होस्ट्स’ फाइलमध्ये किंवा राउटरवर मायक्रोसॉफ्टचे पत्ते बंद करतात. असा उपाय कधी काळी केल्याचे पुढे लक्षातही राहत नाही.

चूक कधी कधी खुद्द प्रणालीचीही असते. २७ फेब्रुवारी २०२० च्या एका विंडोज १० अपडेटनंतर प्रॉक्सी, विशेषतः व्हीपीएन वापरणाऱ्या काही संगणकांवर जोडणी मर्यादित असल्याचे किंवा नसल्याचे दिसू लागले. टीम्स, आउटलूक यांसारख्या ॲपना इंटरनेट मिळेना. भारतात त्याच वेळी टाळेबंदी सुरू झाली होती आणि असंख्य कर्मचारी घरून व्हीपीएनवर काम करू लागले होते. मायक्रोसॉफ्टने ३० मार्चला नियमित वेळापत्रकाबाहेर जाऊन दुरुस्ती दिली. अशा प्रसंगी वापरकर्त्याने राउटर कितीही वेळा बंद-चालू केला, तरी उपयोग होत नाही.

घड्याळ आणि प्रमाणपत्रांचा याच्याशी काय संबंध?

मदतीचा मजकूर सुरक्षित जोडणीतून येतो. समोरचा सर्व्हर खरा आहे का, हे संगणक त्याच्या डिजिटल प्रमाणपत्रावरून तपासतो. प्रत्येक प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज जाऊन आल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. मग आजचे वैध प्रमाणपत्रही संगणकाला ‘अजून सुरू न झालेले’ वाटते आणि तो जोडणी नाकारतो. पडद्यावर मात्र कारण न सांगता ‘कनेक्ट होऊ शकत नाही’ एवढेच येते. बॅटरीचा खर्च किरकोळ असतो, पण कारण न कळल्याने अनेकदा संपूर्ण प्रणाली नव्याने टाकली जाते.

तारीख बरोबर असली तरी जुन्या प्रणालीत विश्वासू प्रमाणपत्रांची यादी शिळी असू शकते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘लेट्स एनक्रिप्ट’शी जोडलेल्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि अद्ययावत नसलेल्या जुन्या मॅकसह अनेक उपकरणांना काही संकेतस्थळे उघडेनाशी झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये टीएलएस १.० आणि १.१ हे जोडणीचे जुने नियम औपचारिकरीत्या बाद ठरवण्यात आले. विंडोज ७ ला टीएलएस १.२ येते, पण तिच्या काही भागांत ते आपोआप सुरू नसते. ब्राउझर चालतो आणि हेल्प चालत नाही, याचे एक उत्तर येथे सापडते. काही ब्राउझर प्रमाणपत्रांची यादी आणि जोडणीचे नियम स्वतःजवळ बाळगतात, तर हेल्पची खिडकी मूळ प्रणालीवर अवलंबून असते.

सेवाच बंद झाली असेल तर?

अशा वेळी दुरुस्ती करण्यासारखे काही उरत नाही आणि ते ओळखणे महत्त्वाचे असते. ऑफिस २००७ आणि २०१० च्या मदतीच्या खिडकीत तळाशी जोडणीची स्थिती दिसे आणि तेथेच ‘फक्त या संगणकातील मजकूर दाखवा’ असा पर्याय निवडता येई. ऑफिस २०१० चे पाठबळ १३ ऑक्टोबर २०२० रोजी संपले. विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज ८.१ चे १० जानेवारी २०२३ रोजी संपले. विंडोज १० साठीही १४ ऑक्टोबर २०२५ ही अखेरची तारीख ठरली. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत केवळ सुरक्षा अपडेटची मुभा देण्यात आली. पाठबळ संपल्यावर त्या आवृत्तीचा मदतीचा मजकूर सर्व्हरवर जपण्याचे बंधन कंपनीवर राहत नाही. अशा संगणकावर ‘ऑफलाइन हेल्प’ निवडणे, हाच व्यवहार्य मार्ग असतो.

काही वेळा प्रश्न इंटरनेटचा वाटतो, पण तसा नसतो. लेखा, कर किंवा प्रयोगशाळेच्या अनेक जुन्या सॉफ्टवेअरची पुस्तिका ‘सीएचएम’ फाइलमध्ये असते. ती डाउनलोड करून उघडली, तर डावीकडे अनुक्रमणिका दिसते आणि उजवीकडे पान उघडता येत नसल्याचा संदेश येतो. बाहेरून आलेली फाइल म्हणून विंडोजने तिचा मजकूर रोखलेला असतो. फाइल ओळखीच्या, खात्रीच्या ठिकाणाहून आली असेल, तर तिच्यावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अनब्लॉक’वर खूण केली की पाने दिसू लागतात. ती कार्यालयातील सामायिक ड्राइव्हवर असेल, तर आधी स्वतःच्या संगणकात उतरवून घ्यावी लागते. त्याहून जुनी ‘विनहेल्प’ची फाइल मात्र विंडोज १० आणि ११ वर उघडतच नाही, कारण तिचा वाचक व्हिस्टापासूनच वगळण्यात आला आणि पुढे काही काळ स्वतंत्रपणे मिळणारी त्याची प्रत विंडोज १० साठी दिली गेली नाही.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी?

सोप्या आणि परतवता येणाऱ्या उपायांपासून सुरुवात करावी. प्रथम ब्राउझरमध्ये दोन-तीन वेगवेगळी संकेतस्थळे उघडून पाहावीत. एकही उघडत नसेल तर प्रश्न हेल्पचा नाही. विमान मोड, वाय-फाय, केबल आणि राउटर तपासावा. लॉगिनचे पान अर्धवट राहिले नाही ना, तेही पाहावे.

संकेतस्थळे उघडत असतील, तर संगणकाची तारीख, वेळ आणि वेळक्षेत्र पाहावे. त्यानंतरची कसोटी मोबाइलच्या हॉटस्पॉटची. संगणक हॉटस्पॉटला जोडल्यावर हेल्प चालली, तर दोष घरच्या राउटरमध्ये, इंटरनेट पुरवठादाराकडे किंवा कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये आहे. तरीही चालली नाही, तर दोष संगणकात किंवा पलीकडच्या सर्व्हरमध्ये आहे. पाच मिनिटांच्या या एका चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

संगणकावर संशय असेल तर व्हीपीएन थोडा वेळ बंद करावे आणि नेटवर्क सेटिंगमधील ‘प्रॉक्सी’ हा भाग पाहावा. काढून टाकलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरने मागे ठेवलेली प्रॉक्सी हे नेहमी आढळणारे कारण आहे. पुढे विंडोज ११ मध्ये सेटिंगमधील ॲपच्या यादीत ‘गेट हेल्प’ शोधून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधील ‘रिपेअर’ आणि तेवढ्याने न भागल्यास ‘रिसेट’ वापरावे. प्रलंबित अपडेट असतील तर तेही घ्यावेत. ‘नेटवर्क रिसेट’ हा उपाय सर्वांत शेवटी. त्याने नेटवर्कचे सर्व घटक काढून पुन्हा बसवले जातात आणि व्हीपीएनसारखी सॉफ्टवेअर नव्याने जोडावी लागतात. वाय-फायचा पासवर्ड आधी लिहून ठेवलेला बरा. कार्यालयाच्या संगणकावर मात्र यातील कोणताही बदल स्वतःहून करू नये. तेथील निर्बंध अनेकदा मुद्दाम घातलेले असतात.

हे सगळे करूनही यश आले नाही, तर सर्व्हरकडे पाहावे. २९ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेतील चुकीच्या बदलामुळे मायक्रोसॉफ्ट ३६५ सह अनेक सेवा काही तास अडखळल्या. अशा वेळी मोबाइलवरून कंपनीचे सेवास्थितीचे पान पाहणे आणि थांबणे, एवढेच वापरकर्त्याच्या हाती असते.

सर्वांत मोठा धोका कोणता?

अधिकृत खिडकी उघडली नाही, की माणूस मोबाइलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो. फसवणाऱ्या टोळ्यांचा सापळा नेमका तेथे असतो. शोधनिकालांतील जाहिरातींत बनावट क्रमांक पेरलेले असतात. कधी ब्राउझर पूर्ण पडदा व्यापतो, भोंगा वाजतो आणि ‘संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा इशारा झळकतो. फोन केला की दूरस्थ ताबा देणारे ॲप उतरवायला सांगतात, संगणकातील नेहमीच्याच नोंदी ‘व्हायरस’ म्हणून दाखवतात आणि ‘दुरुस्ती’चे पैसे किंवा बँकेचे तपशील काढून घेतात.

हा उद्योग मोठा आणि संघटित आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत देशभरात ७६ ठिकाणी छापे टाकले. त्यातील काही प्रकरणे मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून दाखल झाली होती. परदेशी नागरिकांना तांत्रिक मदतीच्या नावाखाली लुबाडल्याचे ते आरोप होते. खुद्द संगणकात असलेले ‘क्विक असिस्ट’ हे दूरस्थ मदतीचे साधनही यातून सुटलेले नाही. त्याचा वापर करून गुन्हेगार संगणकांचा ताबा मिळवत असल्याचा इशारा मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये दिला होता.

यासाठी एक नियम लक्षात ठेवणे पुरेसे आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटीसंदेशात दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो आणि कंपनी आपणहून फोन करून संगणक दुरुस्त करून देत नाही. पडदा व्यापणारा इशारा आला तर ‘ऑल्ट’ आणि ‘एफ-फोर’ एकत्र दाबून किंवा ‘टास्क मॅनेजर’मधून ब्राउझर बंद करावा. तेही जमले नाही तर संगणकच बंद करावा. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तातडीने कळवावे. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता अधिक.

आधीच काय तयारी ठेवावी?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्तीची पद्धत लवकर जाहीर झाली, पण ती अडकलेल्या संगणकावर वाचता येणार नव्हती. अनेक ठिकाणी ‘बिटलॉकर’ची पुनर्प्राप्ती की आधी दुसरीकडून शोधून आणावी लागली. बंद पडलेल्या यंत्राची मदत त्याच यंत्रात किंवा त्याच्याच जोडणीवर ठेवू नये, हा त्या दिवसाचा धडा.

घर, दुकान, शाळा किंवा सेवा केंद्रातील एका संगणकासाठी हे फार खर्चिक नाही. राउटरचा पासवर्ड, इंटरनेट पुरवठादाराचा ग्राहक क्रमांक, संगणक विक्रेत्याचा बिलावरील दूरध्वनी आणि ‘बिटलॉकर’ची की एका कागदावर लिहून संगणकापासून दूर, सुरक्षित ठेवावी. नेटवर्क दुरुस्तीचे अधिकृत पान आधीच छापून किंवा पीडीएफ करून मोबाइलमध्ये ठेवावे. लिबरऑफिससारखे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्याचा ऑफलाइन मदतीचा वेगळा संच उतरवून घ्यावा. तो नसेल तर तेथेही ‘एफ-वन’ थेट इंटरनेटवर नेते.

कंपन्यांकडून अपेक्षा मात्र याहून अधिक आहे. सगळी पुस्तिका संगणकात परत आणणे आता शक्य नसेल, पण जोडणी तुटल्यावर काय करावे, एवढी पाने तरी जोडणीशिवाय आणि वापरकर्त्याच्या भाषेत उघडली पाहिजेत. ‘कनेक्ट होऊ शकत नाही’ या एका वाक्याऐवजी तारीख चुकली आहे, प्रॉक्सी अडवते आहे की सेवाच बंद झाली आहे, हे संदेशात सांगितले गेले, तर बनावट क्रमांकाकडे वळणारे अनेक हात वेळीच थांबतील.